अर्धं तिकीट, दहाची नोट आणि आपला खरेखोटेपणा

१९८६ सालची गोष्ट. आम्ही डोंबिवलीला राहायचो आणि आजी गिरगावात. महिन्यातून एखाद्या रविवारी आई मला घेऊन तिच्याकडे जायची. डोंबिवली ते दादर, दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग चर्नी रोड. मी तेव्हा पहिलीत होतो, सहा वर्षं पूर्ण झालेली. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, त्यानंतर बारापर्यंत अर्धं. आई खिडकीवर एकच तिकीट काढायची आणि दादरच्या पुलावर चढताना माझा हात घट्ट धरून सांगायची, "टीसीनं विचारलंच तर साडेचार सांग." आमच्या दोघांच्या तळव्यांमधला घाम मला अजून आठवतो. पांढरा शर्ट, काळा कोट दिसला की तिची पकड आणखी आवळायची.

अशाच एका रविवारी संध्याकाळी परतताना तिनं दादरला स्टेशनाबाहेर भाजी घेतली. पुलावर येऊन पैसे मोजले तर दहाची एक नोट जास्त. भाजीवालीनं दहाची नोट वीसची समजून सुटे दिले होते. खाली आमची फास्ट गाडी लागत होती. आई दोन क्षण थांबली आणि मागे फिरली. गर्दीच्या उलट, दोन पिशव्या आणि मी, असं लटांबर घेऊन ती खाली उतरली, भाजीवालीला शोधून नोट परत केली. गाडी गेली. पुढच्या स्लो गाडीत आम्ही उभ्यानं घरी आलो.

आता हिशोब मांडून पाहा. तिकिटात वाचणारे पैसे थोडे आणि धोका मोठा: पकडलं तर दंड, वर चारचौघांत शोभा. नोटेत मिळणारे पैसे त्याहून कितीतरी जास्त आणि धोका शून्य, कारण भाजीवालीला कधी कळलंच नसतं. फक्त धोका बघून वागणाऱ्या माणसानं तिकीट काढलं असतं आणि नोट ठेवून घेतली असती. आईनं नेमकं उलट केलं. आणि मला खात्री आहे, तिच्या जागी असलेल्या बहुतेकांनी तेच केलं असतं.

मी फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्समध्ये आहे. वीस वर्षं लोकांची बिलं, व्हाउचरं, पावत्या तपासतोय. त्या कामामुळेच माणूस खोटं कधी बोलतो, किती बोलतो आणि कुठे थांबतो, हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. त्याची बरीचशी उत्तरं मला वर्तनाच्या अर्थशास्त्रात, म्हणजे बिहेवियरल इकॉनॉमिक्समध्ये मिळाली. ती जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

सुरुवात जुन्या उत्तरापासून. गॅरी बेकर हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एकदा विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला उशिरा निघाले होते. पैसे देऊन वाहनतळावर गाडी लावायची की रस्त्यावर नियम मोडून लावायची? त्यांनी मनातल्या मनात दंडाची रक्कम आणि पकडलं जाण्याची शक्यता यांचा गुणाकार केला आणि गाडी रस्त्यावर लावली. गुन्हेगारही असाच विचार करत असणार, हे त्यांना तिथंच सुचलं. १९६८ साली त्यांनी गुन्हा आणि शिक्षेच्या अर्थशास्त्रावर शोधनिबंध लिहिला, १९९२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या मते फायदा, शिक्षा आणि सापडण्याची शक्यता, या तीन आकड्यांत सगळं आलं.

हे सूत्र लोकलला लावू. सेकंड क्लासचं किमान भाडं ५ रुपये. विनातिकीट सापडलं तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं, म्हणजे २५५. याचा अर्थ टीसी ५१ फेऱ्यांतून एकदापेक्षा कमी भेटत असेल, तर तिकीट काढणं हा निव्वळ तोटा. तुम्हाला शेवटचं तिकीट कधी विचारलं, आठवून पाहा. आपल्या उपनगरी स्टेशनांवर मेट्रोसारखी अडवणारी दारंही नाहीत. तरी खिडकीपुढे रांग असते, लोक मोबाइलवर तिकीट काढतात, पास संपायच्या आदल्या दिवशी आठवणीनं नवा काढतात. फुकटे आहेतच, पण सूत्राप्रमाणे जितके असायला हवेत त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत. म्हणजे हिशोबात एक रक्कम बेकरसाहेबांनी धरलेलीच नव्हती.

ती शोधण्यासाठी झालेल्या प्रयोगांतला माझा सगळ्यात आवडता फाशाचा आहे. उर्स फिशबाखर आणि फ्रान्झिस्का फ्योल्मी-हॉयझी यांनी तो स्वित्झर्लंडमध्ये केला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. माणसाला एका कपात फासा देतात. त्यानं एकट्यानं तो टाकायचा आणि काय पडलं ते फक्त सांगायचं. १ पडला तर १ फ्रँक, २ ला २, असं ५ पर्यंत. ६ पडला तर काहीच नाही. कुणी बघत नाही, कुणी तपासू शकत नाही. पकडलं जाण्याची शक्यता खरोखर शून्य. बेकरच्या हिशोबानं प्रत्येकानं ५ सांगायला हवं.

५ सांगणारे निघाले सुमारे ३५ टक्के. फासा प्रामाणिक असेल तर प्रत्येक आकडा सुमारे १७ टक्के वेळा यायला हवा, म्हणजे खोटं बोललं गेलं हे उघड आहे. पण सुमारे ६ टक्के लोकांनी "६ पडला" असं सांगितलं आणि रिकाम्या हातानं घरी गेले. आणि मला खिळवून ठेवणारा आकडा तिसराच आहे: २७ टक्के लोकांनी ४ सांगितलं. तेही प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे काही माणसं खोटं बोलली, पण पूर्ण बोलली नाहीत. ५ फ्रँक समोर असताना ४ वर थांबली. संशोधकांचा अंदाज असा की पाचातला एक जण बिनदिक्कत खोटं बोलला, पाचातले जवळजवळ दोघं पूर्ण खरं बोलले आणि उरलेले अधेमधे कुठेतरी राहिले.

हा '४' मी रोज बघतो. ऑफिसच्या कामासाठी बाहेर गेलेला माणूस कन्व्हेयन्स व्हाउचर, म्हणजे प्रवासखर्चाचा कागद, भरतो. गेलेला असतो ट्रेननं, लिहितो टॅक्सी. पण तो कधीही हजार लिहीत नाही. ३४० लिहितो, २८५ लिहितो. इतक्या लहान रकमेला पावती मागत नाहीत, हे त्याला माहीत असतं. तो ६०० लिहिता तरी चाललं असतं, हेही माहीत असतं. तो ३४० वर थांबतो, कारण ६०० लिहिले तर त्याला स्वतःलाच ते चोरी वाटेल.

बेकरच्या सूत्रात नसलेली रक्कम ही. आपण स्वतःला चांगला माणूस समजतो आणि ते समजणं आपल्याला पैशाइतकंच प्रिय असतं. त्या प्रतिमेला ओरखडा न उमटता जेवढं खाता येईल तेवढंच बहुतेक माणसं खातात. जोहानेस आबेलर, डॅनिएले नोसेन्झो आणि कॉलिन रेमंड यांनी २०१९ मध्ये अशा ९० अभ्यासांची, ४७ देशांतल्या ४४ हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली. खोटं बोलून जेवढं मिळवता आलं असतं, त्यातलं सरासरी तीन चतुर्थांश लोकांनी सोडून दिलं होतं. माणूस लबाड आहे असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून सांगतो.

मग थांबण्याची रेघ कुठे आखली जाते? याचं उत्तर मला घरभाड्याच्या पावत्यांनी शिकवलं. जुन्या कररचनेत घरभाडं भत्त्यावर करसवलत मिळते. जानेवारीत गुंतवणुकीचे पुरावे मागणारं मेल आलं की स्टेशनरीच्या दुकानातून पावतीपुस्तक येतं, पोस्टातून रेव्हेन्यू स्टॅम्प येतात आणि डबा खाऊन झाल्यावर टेबलावर बारा महिन्यांच्या बारा पावत्या एका बैठकीत लिहिल्या जातात. शाई वेगळी दिसावी म्हणून दोन पेनं. रक्कम जवळजवळ नेहमी एकच: महिना ८,३०० रुपये. कारण वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि ८,३०० बारा वेळा मिळून ९९,६०० होतात. (नव्या कररचनेत ही सवलतच नाही, त्यामुळे हे आता कमी झालंय.)

मी स्वतः दोन वर्षं हे केलेलं आहे. घर वडिलांच्या नावावर होतं, मी त्यांच्याच बरोबर राहत होतो. भाडं देत नव्हतो, पण घरखर्चाला दर महिन्याला पैसे देत होतो. म्हणून "हे भाडंच झालं की" असं मनाशी म्हणायला जागा होती. ती जागा नसती तर माझा हात त्या पावतीवर चालला नसता. शॉल शाल्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच फाशावर दाखवलं. इथं आकडा जितका मोठा तितके पैसे जास्त. लोकांना फासा तीनदा टाकू दिला, पण पहिला आकडाच सांगायला सांगितलं. तर लोक तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा सांगू लागले. पडलेलाच नाही असा आकडा सांगणं अवघड जातं. दुसऱ्या वेळेला डोळ्यांनी पाहिलेला सहा, "पहिल्यांदा पडला असता तर" म्हणून सांगणं सोपं जातं. खोट्याला टांगायला खऱ्याची एक खुंटी लागते. माझी खुंटी घरखर्चाची होती. आईची बहुधा ही होती, की मी तिच्या मांडीवरच बसायचो, वेगळी जागा अडवत नव्हतो.

आणि समोर चेहरा कुणाचा आहे, यानं फार फरक पडतो. आयकर खात्याला चेहरा नाही. रेल्वेला नाही. भाजीवालीला होता. तिची दिवसभराची कमाई किती, संध्याकाळी पैसे मोजताना दहा कमी पडले तर तिचं तोंड कसं होईल, हे आईला पुलावरूनही दिसत होतं.

ही फक्त माझी समजूत नाही. अलँ कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक प्रचंड प्रयोग छापला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त पाकिटं त्यांनी बँका, हॉटेलं, पोस्टं, थिएटरं अशा ठिकाणच्या काउंटरवर "कुणाचं तरी पडलंय" म्हणून दिली. पाकीट पारदर्शक, आत नाव आणि ईमेल असलेलं कार्ड, वाणसामानाची यादी आणि एक किल्ली. काहींत पैसे नव्हते, काहींत होते. कितीजण मालकाला कळवतात हे बघायचं. तुम्ही काय पैज लावाल? अर्थशास्त्रज्ञांनाही विचारलं होतं, त्यांचाही अंदाज चुकला. बिनपैशांच्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांबद्दल कळवलं गेलं, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांबद्दल. तीन देशांत आणखी मोठी रक्कम ठेवून पाहिली, तर प्रमाण आणखी वाढून ७२ टक्क्यांवर गेलं. रक्कम जितकी मोठी तितकं ते ठेवून घेणं चोरीसारखं वाटू लागतं. किल्लीचाही परिणाम दिसला. ती सापडणाऱ्याच्या काहीच कामाची नसते, पण हरवणारा दाराबाहेर अडकलाय हे डोळ्यांपुढे येतं. किल्ली असलेली पाकिटं जास्त परत आली.

याआधी २०१३ साली रीडर्स डायजेस्टनं १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं टाकून पाहिली होती. बारा पाकिटांवरून शहराचं चारित्र्य ठरत नाही, हे मला कळतं. तरी मुंबईकर म्हणून सांगतोच: हेलसिंकीत ११ परत आली आणि दुसरा नंबर मुंबईचा, बारातली ९.

इथं थोडं थांबून एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी, कारण ती न सांगणं हाच या विषयात अप्रामाणिकपणा ठरेल. फॉर्मच्या तळाशी आपण "वरील माहिती खरी आहे" म्हणून सही करतो. ती सही आधी, अगदी वर घेतली तर लोक खरं भरतात, असं सांगणारा शोधनिबंध २०१२ साली आला. मला तो इतका पटला की आमच्या व्हाउचरचा नमुना बदलावा म्हणून मी मागे लागलो होतो आणि भेटेल त्याला तो प्रयोग ऐकवत होतो. २०२० मध्ये त्याच लेखकांनी मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहिला, तर परिणाम दिसलाच नाही. २०२१ मध्ये तीन संशोधकांनी त्यातली वाहन विम्याची आकडेवारी उघडून तपासली. गाड्या किती मैल चालल्या याचे आकडे शून्यापासून पन्नास हजारांपर्यंत सगळे सारख्याच प्रमाणात आणि पन्नास हजारांच्या वर एकही नाही. खऱ्या गाड्या अशा चालत नाहीत. काही नोंदी एका फाँटमध्ये, काही दुसऱ्या. आकडे बनावट होते आणि निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा निबंध होता हा. बायबलमधल्या दहा आज्ञा आठवायला लावल्या की लोक फसवेगिरी कमी करतात, हाही एक गाजलेला निष्कर्ष. २०१८ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासला तेव्हा तोही टिकला नाही. जिन्यात थुंकू नये म्हणून आपण देवांच्या टाइल्स लावतो, तशी डोळ्यांची चित्रं लावून प्रामाणिकपणा वाढतो हे सांगणारा प्रयोगही असाच डळमळीत झाला आहे. फाशाचे प्रयोग मात्र वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हातांनी पुन्हा पुन्हा झाले आहेत. म्हणून माझा भार त्यांच्यावर आहे.

आता भावनांकडे येऊ. आपल्याकडे "भावनेच्या भरात" हा शब्दच चुकीच्या निर्णयासाठी राखून ठेवलाय. अंतोनियो दमासिओ या मेंदूतज्ज्ञाचा एलियट नावानं ओळखला जाणारा रुग्ण मात्र वेगळं सांगतो. गाठ काढताना त्याच्या मेंदूचा पुढचा काही भाग गेला. बुद्धी शाबूत, स्मरणशक्ती शाबूत. गेली ती भावनांची धग. शुद्ध तर्कानं चालणारा हा माणूस अचूक निर्णय घेईल असं वाटेल. प्रत्यक्षात तो साध्या साध्या निवडीत तासन्‌तास अडकायचा, नोकरी गेली, भलत्या उद्योगांत पैसा बुडाला. पोटात खड्डा पडणं, लाज वाटणं, हात ओला होणं हे निर्णयाच्या आड येत नाही, त्यावरच निर्णय तोलला जातो. दादरच्या पुलावर आईला मागे फिरवणारी तीच गोष्ट होती.

पण हाच काटा सरकवता येतो. सगळ्यात सहज सरकवते ती नुकसानीची भीती. डॅनिएल काह्नेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख बरंच मोठं असतं, त्यांच्या पुढच्या मोजमापानुसार साधारण दुप्पट. म्हणून तोट्यात असलेला माणूस एरवी घेणार नाही असे धोके घेतो. आमच्या ऑफिसच्या खालीच दलाल स्ट्रीट आहे, हे मी रोज पाहतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावांवर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, सरासरी सुमारे दोन लाखांचा. आणि तोटा झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त पुन्हा त्याच बाजारात होते. "गेलेले तेवढे काढतो आणि बाहेर पडतो." हे वाक्य मी लिफ्टमध्ये किती वेळा ऐकलंय याची गणती नाही.

हीच भीती खोट्याची रेघही पुढे ढकलते. एका गटाला बरोबर उत्तरांनुसार पैसे मिळणार असतील आणि दुसऱ्याला पैसे आधीच हातात देऊन चुकांनुसार परत घेणार असतील, तर कुणी तपासणारं नसताना दुसरा गट जास्त फसवतो. जिल ग्रोलो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हे दाखवलं. रक्कम तीच, पण एकीकडे 'मिळवणं' आणि दुसरीकडे 'वाचवणं'. वाचवण्यासाठी बोललेलं खोटं आपल्याला खोटं वाटत नाही. रागाचंही तसंच. २०१२ च्या एका अभ्यासात ज्यांना आधीच्या वाटणीत आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं, ते नंतरच्या नाणेफेकीत जास्त खोटं बोलले, तेही ज्यानं अन्याय केला त्याला काही तोशीस न लागता. दिवाळीचा बोनस कापला गेला त्या वर्षी कन्व्हेयन्स व्हाउचरं फुगतात, हे मला कुठल्या निबंधात वाचावं लागलं नाही.

आणि एकदा सरकलेली रेघ तिथं राहत नाही. ताली शॅरट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये लंडनमध्ये लोकांना स्वतःच्या फायद्यासाठी वारंवार खोटं बोलण्याची संधी दिली आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. पहिल्या खोट्याला भावनांशी संबंधित अमिग्डाला हा मेंदूतला भाग जोरात हलला. पुढे पुढे त्याचं हलणं कमी झालं आणि खोटं मोठं होत गेलं. याचं आपल्याकडचं रूप ७ जानेवारी २००९ च्या पत्रात आहे. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला, सेबीला आणि शेअर बाजारांना कळवलं की खात्यांत दाखवलेले रोख आणि बँकेतले ५,०४० कोटी रुपये नाहीतच. सुरुवात खरा नफा आणि कागदावरचा नफा यांतल्या किरकोळ फरकानं झाली होती, पुढे तो आवाक्याबाहेर गेला, वाघावर बसल्यासारखं झालं, उतरायचं कसं कळेना, असं त्यांनी लिहिलं. मी अकाउंट्सचा माणूस. ५,०४० कोटींपेक्षा मला त्या पहिल्या किरकोळ फरकाची जास्त भीती वाटते.

उपाय म्हणून सगळ्यांना पहिला सुचतो तो दंड. इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला गेला. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी २००० साली त्याचा निकाल छापला: उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंना थांबवून ठेवल्याचा संकोच वाटायचा, आता पैसे भरले की संकोच फिटला. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही. आमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या जागेवर रात्रभर गाडी लावली तर शंभर रुपये असा नियम झाला, आणि पूर्वी वॉचमनपुढे ओशाळणारी माणसं आता बिनधास्त गाडी लावून वर जातात. "शंभर दिलेत ना."

एक शेवटची बाजू राहते आणि ती आज मुंबईत सगळ्यात निकडीची आहे: खोटं बोलणारा जेव्हा तुमच्या भावना हाताळतो. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंना गेल्या वर्षी व्हिडिओ कॉल आला. गणवेशातला माणूस, मागे पोलिस ठाण्यासारखी भिंत. तुमच्या नावानं पार्सल पकडलंय, मुलालाही अटक होईल, कॉल बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, पैसे 'तपासणीपुरते' या खात्यात भरा. काकू निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर शेकडो मुलांची खोटी कारणं ओळखली. तरी दोन तास त्या खोलीत बसून होत्या, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. जॉर्ज लोवेन्स्टाइन या अर्थशास्त्रज्ञानं याला गरम आणि थंड अवस्थेतली दरी म्हटलंय. शांत असताना आपल्याला वाटतं, आपण असं कधीच करणार नाही. घाबरलेल्या अवस्थेतला मी कसा वागेन, हे शांत अवस्थेतल्या मला कळतच नाही. काकू वाचल्या त्या दारावर कचरा न्यायला आलेल्या मुलीमुळे. तिनं बेल वाजवली, काकू उठल्या, दार उघडलं, तिच्याशी चार शब्द बोलल्या आणि तेवढ्यात भानावर आल्या. फसवणारा "कुणाला सांगू नका" म्हणतो तो याचसाठी. असं फोनवरच अडकवून ठेवण्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, पण तसा प्रकार आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला तर तो कापा, घरातल्या कुणाला तरी हाक मारा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. हा नंबर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

परवा आईकडे बसलो होतो. ती आता ऐंशीच्या घरात आहे. तिला दहाच्या नोटेबद्दल विचारलं. तिला सगळं आठवत होतं: भाजीवालीची हिरवी साडी, कोथिंबिरीची जुडी तिनं नको नको म्हणताना पिशवीत कोंबली ती, चुकलेली गाडी. मग मी तिकिटाचं विचारलं, साडेचार वर्षांचं. झ्युरिकमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलंय की लोक आपण केलेल्या कंजूष वाटण्या नंतर आठवताना प्रत्यक्षापेक्षा उदार आठवतात, विशेषतः आपल्याच मापाला आपण उतरलो नसलो तर. ते वाचलेलं असल्यामुळे ती काय म्हणेल याची मला उत्सुकता होती.

ती माझ्याकडे बघत राहिली. "कसलं तिकीट? तू तेव्हा पाचाचा तरी होतास का रे?"

दादरपासून चर्नी रोडपर्यंतच्या सगळ्या स्टेशनांच्या पाट्या मी तिला वाचून दाखवायचो. पहिलीतच तर होतो. मी काही बोललो नाही, चहाचे कप उचलून आत नेले.